कॉमेंटची झाडलोट

कंपायलरवर काम करणारी माणसं आपसांत कशावरून भांडतात, असं बाहेरच्या कुणाला विचारा. तो वेग, मेमरी, ऑप्टिमायझेशन अशी वजनदार नावं घेईल. पण तिथं भांडण फार टिकत नाही, आकडे मोजले की मिटतं. खरी रंगत येते ती कॉमेंटवरून. कॉमेंट मशीनसाठी नसतेच, त्यामुळे कोणाचं बरोबर हे मोजून दाखवायची सोय नाही.

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाची नियमावली सांगते की फंक्शनवरच्या कॉमेंटची सुरुवात त्या फंक्शनच्या नावानं करू नका. नाव खालच्याच ओळीत आहे, मग पुन्हा कशाला? गो भाषेच्या मंडळींचा नियम नेमका उलटा: पहिला शब्द नावच हवा. डॉक्युमेंटेशनमध्ये ग्रेप या शोधाच्या टूलनं काही शोधलं आणि एखादी सुटी ओळ हाती आली, तर ती कशाबद्दल आहे हे त्या ओळीतूनच कळावं, हे त्यामागचं कारण. दोन्ही बाजू रास्त आहेत. एका गोटातून दुसऱ्यात गेलेला माणूस मात्र पहिल्याच रिव्ह्यूत बोलणी खातो.

एलएलव्हीएममधला मे २०१८चा किस्सा छोटा आहे, पण मला फार आवडतो. तिथल्या कॉमेंटमधून डॉक्सिजन हे टूल डॉक्युमेंटेशनची पानं तयार करतं. कॉमेंटमधलं थोडक्यात वर्णन कुठलं, हे त्याला कळावं म्हणून आधी उलटी तिरपी रेघ आणि ‘ब्रीफ’ असा शब्द लिहायची पद्धत होती. पुढे डॉक्सिजनची अशी सेटिंग चालू केली की पहिलं वाक्य आपोआप तेच वर्णन धरलं जाऊ लागलं. ब्रीफ बिनकामाचा झाला, तरी दोनेक वर्षं लोक जुन्या कॉमेंट बघून नव्या फाइलींत इमानेइतबारे तो लिहीतच राहिले. शेवटी एकानं सगळ्या कोडमधून तो शब्द एका फटक्यात काढून टाकला. हा बदल हातानं केलेला नव्हता. गिट ग्रेपनं फाइली शोधायच्या आणि पर्लनं तो शब्द पुसायचा, एवढी एक ओळ. ती ओळ त्यानं कमिटच्या संदेशातच लिहून ठेवली. ज्यानं रिव्ह्यू करायचा त्यानं हजारो बदललेल्या ओळी डोळे फोडून वाचण्यापेक्षा ती एक ओळ वाचावी. याहून प्रामाणिक पॅच मी तरी पाहिलेला नाही. काही दिवसांत एलएलव्हीएमच्याच क्लँग या कंपायलरमध्येही तीच सफाई झाली.

असल्या सफाईची किंमत नंतर कळते. एखादी ओळ कोणी आणि का लिहिली हे शोधायला गिट ब्लेम चालवावं, तर पदोपदी झाडू मारणाऱ्याचंच नाव! २०१९ साली गिट २.२३मध्ये अमुक कमिट दुर्लक्षित कर असं सांगायची सोय आली, तेव्हा कुठे हा वैताग कमी झाला. मोठ्या प्रकल्पांत आता अशा कमिटची यादीच एका फाइलीत ठेवलेली असते.

गोच्या घरातलं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. त्यांचा मूळ कंपायलर सी भाषेत होता. २०१५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या गो १.५मध्ये तो गो भाषेत आला, पण माणसांनी बसून लिहून नव्हे. गोच्या चमूतल्या रस कॉक्सनं लिहिलेल्या प्रोग्रॅमनं सी कोडचं यांत्रिक रूपांतर केलं. कोड गोचा झाला, वळण सीचंच राहिलं. कंसासारख्या तिरप्या रेघा आणि चांदण्यांनी बांधलेल्या जुन्या कॉमेंट, आत दोन-तीन शब्दांचा त्रोटक मजकूर, कर्त्याचा पत्ता नाही. मूळ आराखड्यातच टप्पे ठेवले होते: आधी रूपांतर, मग कोड आणि डॉक्युमेंटेशनची साफसफाई. पहिला टप्पा एका रिलीजमध्ये पार पडला. दुसरा पुढे वर्षानुवर्षं किरकोळ पॅचमधून चालत राहिला, कारण कॉमेंटचं वळण बदलायचं तर ती सांगते काय हे आधी कुणाला तरी समजून घ्यावं लागतं.

मग आलं २०२२. गोफमट हे टूल पहिल्यापासून सगळ्यांचा कोड एका साच्यात बसवत होतं, पण कॉमेंटमधल्या मजकुराला हात लावत नव्हतं. गो १.१९पासून डॉक कॉमेंटमध्ये याद्या, दुवे आणि मथळे यांचे पक्के नियम आले, आणि गोफमट त्यांनाही साच्यात बसवू लागलं. एप्रिलमध्ये कॉक्सनं ते गोच्या स्वतःच्या रिपॉझिटरीवर फिरवलं. पण त्याआधी बरीच पूर्वतयारी करावी लागली, आणि खरी गंमत तिथेच आहे.

डॉक कॉमेंटमध्ये आत सरकवलेली ओळ म्हणजे कोडचा नमुना, हा जुना नियम. आता लोक यादी कशी लिहितात पाहा. समासाला चिकटून डॅश, पुढे मजकूर. ओळ पुरली नाही की खालची ओळ दोन जागा आत. स्रोतात हे डोळ्यांना नेटकं दिसतं. डॉक्युमेंटेशनच्या पानावर मात्र तेव्हा डॅशवाली ओळ परिच्छेद व्हायची आणि तिचं उरलेलं अर्धं वाक्य कोड म्हणून टाइपरायटरच्या अक्षरांत वेगळं छापलं जायचं. गोच्या स्वतःच्या कोडमध्ये अशी मोडलेली वाक्यं ठिकठिकाणी निघाली. लिहिणाऱ्यानं छापील पान उघडून पाहिलंच नव्हतं, रिव्ह्यू करणाऱ्यानंही नाही. कंपायलरच्या आतल्या पॅकेजची पानं बघायला जातो कोण!

दुसरी मेख जास्त धोक्याची. कॉमेंट मशीनसाठी नसते असं वर म्हटलं, त्याला गोमध्ये एक अपवाद आहे. दोन तिरप्या रेघांना चिकटून ‘गो’, मग कोलन आणि पुढे ‘नोइनलाइन’ असं लिहिलं, तर ती दिसायला कॉमेंट, पण असतो कंपायलरला दिलेला हुकूम: हे फंक्शन इनलाइन करू नकोस. कुणी टापटिपीच्या हौसेनं रेघांनंतर एक मोकळी जागा सोडली की हुकूम संपला, उरली नुसती कॉमेंट. एरर नाही, वॉर्निंग नाही. असे हुकूम माणसांसाठीच्या मजकुराला खेटून लिहिलेले असत. म्हणून आधी एका वेगळ्या बदलात त्यांच्या आणि मजकुराच्या मध्ये रिकामी कॉमेंट-ओळ घातली गेली. आता गोफमट हे हुकूम स्वतःच कॉमेंटच्या तळाशी नेऊन ठेवतं.

हॅस्केलचा कंपायलर जीएचसी या सगळ्यांपेक्षा जुना, ग्लासगो विद्यापीठातला. त्याच्या कितीतरी फाइली लिटरेट पद्धतीनं, म्हणजे लेटेकच्या मजकुरात कोड पेरून लिहिलेल्या होत्या. २०१४च्या डिसेंबरमध्ये त्या साध्या हॅस्केल फाइली केल्या गेल्या. मजकूर जसाच्या तसा कॉमेंटमध्ये गेला, त्यामुळे चांदण्यांच्या चौकटींत ‘सबसेक्शन’सारख्या लेटेकच्या आज्ञा पुढेही बसून राहिल्या. पण त्याच कंपायलरची एक सवय बाकीच्यांनी उचलावी अशी आहे. लांबलचक स्पष्टीकरण कोडच्या मधोमध कोंबायचं नाही. त्याला ‘नोट’ म्हणून शीर्षक द्यायचं, एका जागी लिहायचं, आणि जिथे जिथे संबंध येईल तिथे ‘अमुक नोट पाहा’ एवढंच. अडचण एकच: नोटचं नाव बदलतं, कधी नोटच उडते, आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या ओळी तशाच राहतात. त्यावर त्यांनी एक तपासणी लिहिली आहे. ती सगळे तुटके संदर्भ गोळा करते आणि आधीच माहीत असलेल्या तुटक्या संदर्भांच्या यादीशी ताडून पाहते. दोन्ही याद्या जुळल्या की चाचणी पास.