कामाचा ताण : ओझे किती, आणि लगाम कोणाच्या हाती?

सोलापुरातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये पाऊल टाकले की बोलणे बंद होते. खटखटाट एवढा असतो की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडावे लागते, नाहीतर खुणांनी भागवावे लागते. पाळी संपवून घरी आलेला विणकर मुलांशी फारसे बोलत नाही, लहानशा गोष्टीवरून चिडतो, रात्री त्याला झोप लागत नाही. घरचे म्हणतात, ‘त्याचा स्वभावच तापट आहे.’ आपल्या वर्गातली कितीतरी मुले अशा घरांतून येतात. म्हणून आपण विचारू या : हा स्वभाव आहे, की कामाचा परिणाम?

ताण येतो म्हणजे काय होते?

संकट समोर दिसले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश पाठवतो. तिच्याकडून मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा जाते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. याच ग्रंथी चेतातंतूंच्या इशाऱ्याने अॅड्रेनलिनही सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात साखर येते, स्नायू सज्ज होतात. कुत्रा अंगावर आला तर पळण्यासाठी ही सोय उत्तम आहे. कुत्रा गेला की शरीर पूर्ववत होते.

अडचण येते ती संकट जातच नाही तेव्हा. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. इतका आवाज तासन्‌तास ऐकला तर कान कायमचे अधू होतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण मोठा आवाज हा शरीराच्या दृष्टीने धोक्याचा इशाराही असतो. तो रोज दहा-बारा तास मिळत राहिला, तर सज्जतेची ही यंत्रणा पुरती विसावत नाही. झोप बिघडते, चिडचिड वाढते, रक्तदाब चढतो, आणि पुढे उदासीनता किंवा चिंतेचा विकार जडण्याचा धोका वाढतो.

ओझे आणि लगाम

पण जास्त काम म्हणजे जास्त ताण, असे साधे गणित आहे का? रॉबर्ट करासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांच्या माहितीवरून दाखवले की दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. एक, कामाची मागणी किती. दुसरी, ते काम कसे, केव्हा, कोणत्या वेगाने करायचे हे ठरवण्याची मुभा किती. मागणी मोठी आणि मुभा थोडी, असे काम मनाला सर्वांत जास्त घातक ठरते. पुढच्या अभ्यासकांनी तिसरी गोष्ट जोडली : सहकारी आणि वरिष्ठ यांचा आधार.

आता विडी वळणारी बाई पाहा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पाने कशी मिळतील हे तिच्या हाती नाही. विड्या तपासताना किती बाद होतील हेही तिच्या हाती नाही. काम घरातच चालते, त्यामुळे सुटी कधी झाली हे कळत नाही, आणि शेजारी बोलायला कामाची सोबतीण असेलच असे नाही. ओझे आहे, लगाम दुसऱ्याच्या हाती आहे, आधार तुटपुंजा आहे.

‘पण खरा ताण तर साहेबांना असतो!’ असे कोणी म्हणेल. लंडनमधील सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त आढळले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक कर्मचारी होते. तिथे असे दिसले की ज्यांना कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त.

आणि काम गेले तर?

मग काम नसलेलेच बरे का? सोलापूरची ‘जुनी गिरणी’ ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. प्रश्न इतका गंभीर झाला की जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढच्या दशकांत ही गिरणी कायमची थांबली. नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्याही बंद झाल्या. पगार गेला, तसा भोंगाही गेला. भोंग्यावर उठणे, निघणे, परतणे ठरलेले होते.

याचे मोल ऑस्ट्रियातील मारिएन्थाल गावाने दाखवले. तेथील कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी गावाचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांना वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे घटले. पुरुष रस्त्याने सावकाश, थांबत थांबत चालू लागले. दिवस कशात गेला, हे त्यांना सांगता येईना. काम माणसाला पैशाबरोबर दिवसाची घडी, माणसांची सोबत आणि आपण उपयोगी आहोत ही जाणीवही देते, असा याहोडाने पुढे निष्कर्ष मांडला. म्हणजे प्रश्न काम काढून टाकण्याचा नाही, काम माणसाला सोसेल असे करण्याचा आहे.

काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उदासीनता आणि चिंता यांच्यामुळे जगात दर वर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. या संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कामगाराला ‘मन घट्ट कर’ असे सांगण्यावर भागवलेले नाही. कामाची रचना बदलण्यावर आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे. आपल्याकडे याचा अर्थ सोपा आहे : ठरलेली विश्रांती, कानांना संरक्षक, पाळ्या आधी कळणे, मजुरीचा हिशेब समोर होणे, आणि चुकले तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन विचारणारा मुकादम. यांतल्या बहुतेक गोष्टींना फार खर्च येत नाही.

तरीही कोणी आजारी पडेलच. दोन आठवडे किंवा अधिक काळ उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, ही लक्षणे दिसली तर तो आळस समजू नये. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलले तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र मिळते आणि मराठीतही बोलता येते. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे उपचार मिळणे हा हक्क मानला आहे.

वर्गासाठी

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना घरातील किंवा शेजारच्या एका कामकरी माणसाला, त्याच्या संमतीने, तीन प्रश्न विचारू द्या : काम किती असते? त्यात तुम्ही स्वतः काय ठरवू शकता? अडचण आली तर कोणाकडे जाता? वहीत नाव लिहू नये. उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडला, की ‘स्वभावच तापट’ या उत्तरावर मुले स्वतःच शंका घेतील.

आणि शिक्षकहो, हेच तीन प्रश्न शिक्षककक्षात एकमेकांनाही विचारून पाहू. पेपर तपासणी, माहितीचे तक्ते, वर्गाबाहेरची कामे यांचे ओझे आपल्यालाही आहेच. त्यातले किती कमी करता येईल हे कदाचित आपल्या हाती नसेल. पण शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला आधार देणे नक्कीच आपल्या हाती आहे.