पालेर्मोत फिरताना, पालेर्मोत खाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इटलीला जाऊन आलेली मंडळी आता आपल्याकडे घरोघरी सापडतात. रोम झालं, फ्लॉरेन्स झालं, पिसाच्या मनोऱ्याला हाताचा टेकू दिल्याचा फोटो झाला, व्हेनिसच्या होडीत बसून झालं, की इटली संपली. नकाशात हा बुटाच्या आकाराचा देश ज्या तिकोनी बेटाला लाथ मारतोय असं वाटतं, त्या सिसिलीकडे आपल्या सहली सहसा वळत नाहीत. भूमध्य समुद्रातलं हे सर्वांत मोठं बेट. आज मी तुम्हाला त्याच्या राजधानीत, पालेर्मोला नेणार आहे.

रोमहून तासाभराचं विमान आहे. सवड असेल तर रात्रीची रेल्वे घ्या. मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी गाडीचे डबे सुटे करून चक्क जहाजाच्या पोटात ढकलतात, आपल्यासकट! पलीकडच्या काठावर ते पुन्हा रुळांवर येतात.

विमानानं आलात तर शहरापर्यंत तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे. उजवीकडे डोंगर, डावीकडे निळाशार समुद्र. वाटेत कापाची गावापाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच तांबडे खांब दिसतात. २३ मे १९९२ रोजी माफियानं याच रस्त्याखाली स्फोटकं पेरून न्यायाधीश जोवानी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक यांना ठार केलं. कळ जिथून दाबली, त्या डोंगरावरच्या छोट्या पांढऱ्या इमारतीवर आज निळ्या अक्षरांत ‘माफिया नको’ असं लिहिलेलं आहे. सत्तावन्न दिवसांनी फाल्कोनेंचे सहकारी पाओलो बोर्सेलिनो यांचाही बळी गेला. विमानतळाला आता या दोघांचंच नाव आहे. सहलीच्या आरंभीच हे सांगितलं याचं कारण पुढे खाण्याच्या गोष्टीत येईल.

पालेर्मो वसवलं फिनिशियन व्यापाऱ्यांनी. पुढे रोमन आले, बायझंटाइन आले, इ. स. ८३१ मध्ये अरब आले आणि १०७२ मध्ये उत्तरेकडून नॉर्मन सरदार आले. नॉर्मनांनी शहर जिंकलं, पण अरब कारागीर आणि ग्रीक कारभारी यांना हाकललं नाही. ११३० मध्ये राजा झालेल्या दुसऱ्या रॉजरच्या राजवाड्यातलं प्रार्थनामंदिर पाहा. भिंतींवर सोन्याच्या तुकड्यांची बायझंटाइन चित्रं, त्यांवर ग्रीक आणि लॅटिन अक्षरं. मान वर केली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कोरलेलं लाकडी छत, अस्सल अरबी पद्धतीचं, अरबी लेखांसह. ख्रिस्ती राजाच्या देवघरात! (खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. या राजवाड्यात सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे कामकाजाच्या दिवशी काही दालनं बंद असतात.) आठेक किलोमीटरवर मोनरेआलेचं कॅथेड्रल आहे, तिथे अशीच सोनेरी चित्रं सहा हजार चौरस मीटरांहून जास्त भिंतींवर पसरली आहेत. या सगळ्या वास्तूंना २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पण मला विचाराल तर झीझा नावाच्या वाड्यातला एक लहानसा दगड चुकवू नका. ११४९ सालचा. ग्रिसांतो नावाच्या पाद्र्यानं आपल्या आईच्या, आन्नाच्या, स्मरणार्थ तो कोरून घेतला. मजकूर चार प्रकारे: लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि ज्यूंसाठी हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. प्रत्येकात कालगणनाही ज्याची त्याची. आई एकच, पण तिच्या जाण्याची बातमी गावातल्या सगळ्यांना कळली पाहिजे!

आता खाणं. बालारोच्या बाजारात शिरा. फळवाले, मासळीवाले सुरात ओरडत असतात, आणि मधूनच तळणाचा वास येतो. त्या कढईत असतात ‘पानेल्ले’. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापायचं, गार झाल्यावर तुकडे करून तळायचे. म्हणजे आपली पाटवडीच की! फोडणी नाही, कोथिंबिरीऐवजी तिच्याच कुळातली पार्सली. तीळ लावलेल्या पावात भरून, वर लिंबू पिळून देतात. सोबत बटाट्याचे लांबट वडे मागा. वडापाववर वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

शाकाहारी असाल तर थोडं जपून. ‘आरांचीना’ हा तळलेला भाताचा गोळा मांसाचा असतो, आणि ‘लोण्याचा’ म्हणून मिळतो त्यातही बहुधा हॅम असतं. ‘स्फिंचोने’ या जाड, मऊ पावावर टोमॅटो-कांद्याबरोबर मासा दडलेला असतो. वांग्याची आंबटगोड ‘कापोनाता’ मात्र जरूर खा. लिंबू, कडू संत्री, ऊस हे सगळं इथे रुजवलं अरबांनी. नंतर बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं नाहीतर ‘कासाता’ घ्या. आपल्याकडच्या लग्नात मिळणाऱ्या कसाट्याचं हे मूळ घराणं. पण हे आइस्क्रीम नव्हे, ताज्या रिकोता चीजचा केक आहे.

आणि दुकानात शिरण्यापूर्वी दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते का पाहा. ‘पित्सो’ म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगायला नको: हप्ता. दुकान चालवायचं तर माफियाला द्यायचा. लिबेरो ग्रास्सी या कपड्यांच्या कारखानदारानं जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रातून जाहीर पत्र लिहून सांगितलं, की मी देणार नाही. २९ ऑगस्टला त्यांना घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. पुढे २००४ मध्ये काही तरुण मित्र एक पब काढायला निघाले. खर्चाचा हिशोब मांडताना हप्त्याचाही आकडा धरावा लागतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि एका रात्री त्यांनी शहरभर पत्रकं चिकटवली: हप्ता देणारा समाज स्वाभिमान गमावून बसलेला समाज आहे. त्यातून ‘आदियोपित्सो’ ही संघटना उभी राहिली. नावाचा अर्थ, हप्त्याला रामराम! हप्ता न देणारे दुकानदार तिची चिठ्ठी दारावर लावतात आणि गिऱ्हाइकं मुद्दाम तिथेच जातात. हप्ता संपला असं नाही. पण एकटा दुकानदार मारता येतो, शेकडो मारणं कठीण जातं. पर्यटकाच्या चार युरोंनाही इथे बाजू घ्यावी लागते.

पोहायचं तर मोंडेलो. शहरातून बसनं जाता येतं. दोन डोंगरांच्या मधे पांढरी वाळू आणि उथळ, स्वच्छ पाणी. लहान मुलांसाठी उत्तम. छत्री-खुर्चीला पैसे पडतात, पाण्यालगतची पट्टी सगळ्यांना मोकळी असते. तिथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नक्षीदार बंगल्यांसारखे शहरातही पुष्कळ होते. १९५०-६० च्या दशकांत पुढारी आणि माफिया यांच्या संगनमतानं ते पाडून सिमेंटच्या इमारती उठल्या, शहराभोवतीच्या लिंबा-संत्र्यांच्या बागाही गेल्या. त्या इमारतींमधून जाताना फार वेळ काढावासा वाटत नाही.

जायचं एप्रिल-मेमध्ये, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरात. जुलैचं ऊन भाजून काढतं. पण १४ जुलैच्या रात्री ग्रामदेवता संत रोझालियाचा मोठा रथ राजवाड्याच्या बाजूनं समुद्राकडे निघतो. १६२४ च्या प्लेगमधून तिनं शहर सोडवलं अशी श्रद्धा आहे. तिचं स्थान पेलेग्रिनो डोंगरावरच्या गुहेत आहे. पालेर्मोत श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतले अनेक हिंदू. रविवारी सकाळी तीही माणसं डोंगर चढून रोझालियाच्या दर्शनाला जाताना दिसतात.