वेल्लोरचं जामखेडशी नातं, आणि एचआयव्हीशीही

आमच्या जामखेडला वेल्लोरचं नाव नवं नाही. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली इथे काम सुरू केलं, गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे. पण वेल्लोरची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक मराठी घरातली मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक. 1986 मध्ये ‘एचआयव्ही आपल्याकडे नाहीच’ असं मानलं जात असताना त्यांनी विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मलाला वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा करायला लावलं. निर्मलाने वेगळा केलेला सीरम चक्क घरच्या फ्रिजमध्ये ठेवला! मग रात्रीच्या गाडीने बर्फाच्या डब्यातून तो तपासणीसाठी वेल्लोरला नेला. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. भारतातली एचआयव्हीची ही पहिली नोंद.

सॉलोमनबाईंचं खरं मोठेपण मला पुढच्या वाटेत दिसतं. 1993 मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. तिथे तपासणी, समुपदेशन, उपचार सगळं. इतरत्र दारं बंद झालेले रुग्ण तिथे येत. एचआयव्ही असलेल्या तरुण-तरुणींची लग्नंही बाईंनी जुळवली. 2015 मध्ये त्या गेल्या. पद्मश्री मिळाली 2017 मध्ये, मरणोत्तर. उशीरच म्हणायचा.