हार्लेमच्या सोबतिणी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा थोडा कमीच होतो. पण त्यानं मरण येण्याचं प्रमाण मात्र त्यांच्यात जवळजवळ 40 टक्क्यांनी जास्त आहे. मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासून पाहिला. आजार कमी आणि मरण जास्त, असं कसं? आणि तेही अमेरिकेत, जिथं यंत्रं, औषधं, डॉक्टर कशाचीच वानवा नाही!

थोडं कारण आजारातच आहे. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ नावाचा, हार्मोनच्या गोळ्यांना दाद न देणारा प्रकार या बायकांमध्ये जवळपास दुपटीनं आढळतो. पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. शिकागो शहरात 1980च्या सुमारास दोन्ही समाजांतलं मरणाचं प्रमाण जवळपास सारखं होतं. मग मॅमोग्राफी आली, नवे उपचार आले. गोऱ्या बायका वाचू लागल्या, कृष्णवर्णीय होत्या तिथंच राहिल्या. 2003 साली दोघींतली तफावत 68 टक्क्यांवर पोचली होती. उपाय होता, पण त्यांच्या दारापर्यंत आलाच नव्हता.

तो दारापर्यंत कसा न्यायचा, हे त्याआधीच न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका डॉक्टरांनी दाखवलं होतं. डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन हे स्वतः कृष्णवर्णीय सर्जन. 1967 मध्ये ते हार्लेम हॉस्पिटलमध्ये आले. कॅन्सर कापून काढायचा, बायका बऱ्या करायच्या, अशी उमेद. पण समोर येणाऱ्या बायकांच्या गाठी फुटून जखमा झालेल्या असायच्या. सुरी चालवायची तरी कुठं? 1964 ते 1986 या काळात तिथं उपचार घेतलेल्या 606 बायकांचा हिशेब त्यांनी मांडला. जवळजवळ निम्म्या तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आलेल्या. पाच वर्षं जगल्या त्या फक्त 39 टक्के.

1979 पासून त्यांनी मोफत किंवा अगदी कमी पैशांत तपासणी सुरू केली. बायका येऊ लागल्या. पण गाठ सापडली तरी पुढच्या तपासणीला त्यातल्या कितीतरी जणी फिरकत नसत. इन्शुरन्सचे कागद, बुडणारी मजुरी, घरी लेकरं आणि पोटात भीती.

हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या काकूंना घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. केसपेपर एका खिडकीवर, पैसे दुसऱ्या, तारीख तिसऱ्या. चौथ्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘उद्या या.’ काकू म्हणाल्या, ‘जाऊ दे गं, दुखत तरी कुठंय!’ दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा एसटीत बसवताना माझ्या नाकीनऊ आले.

फ्रीमन यांनी 1990 मध्ये नेमका इथंच हात घातला. गाठ सापडलेल्या बाईबरोबर वस्तीतलीच एक बाई द्यायची. ‘पेशंट नॅव्हिगेटर’ असं तिचं नाव. मी तिला सोबतीण म्हणते. तिनं औषध द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. कागद भरायचे, तारीख मिळवायची, पोरांना कोण सांभाळेल ते बघायचं, आणि बाई आली नाही तर का आली नाही ते शोधायचं. बस्स, एवढंच!

1995 ते 2000 मधल्या 325 रुग्णांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. उशिरा आलेल्या आता 21 टक्के. पाच वर्षं जगलेल्या 70 टक्के! एकट्या सोबतिणींचं हे श्रेय नाही. स्वस्त तपासणी होती, औषधंही सुधारली होती. पण ते सगळं बाईपर्यंत पोचवणारं माणूस लागतंच ना!

तिकडे दक्षिणेत, आर्कान्सा राज्यात, अडचण वेगळी होती. ऑपरेशनमध्ये हवा लागली की कॅन्सर पसरतो, अशी तिथं समजूत. (आपल्याकडे ‘सुरी लागली की पसरतो’ म्हणतात, तेच.) शिवाय डॉक्टरांवर विश्वास नाही. तो असावा तरी कसा? अलाबामातल्या टस्कीगी इथं 1932 ते 1972, तब्बल 40 वर्षं, सरकारी संशोधनासाठी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस बरा न करता नुसता बघत राहिले होते. अशा ठिकाणी पत्रकं वाटून काय होणार? 1990च्या दशकात ‘विटनेस प्रोजेक्ट’ सुरू झाला. कॅन्सरमधून वाचलेल्या कृष्णवर्णीय बायकाच चर्चमध्ये उभ्या राहून सांगू लागल्या, ‘मला झाला होता, मी जिवंत आहे.’ सॅन दिएगोत हेच काम केस करून देणाऱ्या बायकांनी हाती घेतलं. खुर्चीत तासन् तास बसलेल्या बाईशी दुसरं कोण इतकं मोकळं बोलणार?

एक मात्र सांगायलाच हवं. ‘बायकाच येत नाहीत हो’ म्हणून हात झटकणं सोपं असतं. शिकागोत 2008 मध्ये यासाठी टास्क फोर्स उभी राहिली, तेव्हा दिसलं, की कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत मॅमोग्राम वाचणारे खास तज्ज्ञच कमी. आलेल्या बाईची गाठसुद्धा नजरेतून सुटायची! मग वस्तीत जाऊन बायकांशी बोलणं आणि रुग्णालयांचं काम तपासणं, दोन्ही एकदम सुरू झालं. 2013 पर्यंतच्या आकडेवारीत शिकागोतल्या कृष्णवर्णीय बायकांचे मृत्यू सुमारे 14 टक्क्यांनी घटले होते. तिथल्या तफावतीतली घट ही कृष्णवर्णीयांची सर्वाधिक वस्ती असलेल्या 10 शहरांत उठून दिसणारी. देशभरात मात्र तफावत अजून आहेच.

फ्रीमन यांची सोबतीण आपल्याकडेही आली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरनं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर 2019 मध्ये अशा सोबत्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांना नाव दिलंय ‘केवट’. रामाला गंगापार नेणारा तो नावाडी. तेव्हा कुणाला घेऊन टाटाला जायची वेळ आलीच, तर खिडक्या शोधत फिरण्याआधी विचारा, ‘इथं केवट कुठं भेटतील?’