पेशीला ‘आत’ आणि ‘बाहेर’ कसे कळते?

पेशीविभाजन शिकवताना आपण फळ्यावर एकापुढे एक आकृत्या काढतो. पहिल्या आकृतीत केंद्रकाभोवती पटल असते. पुढच्या आकृतीत ते पटल नाहीसे होते, गुणसूत्रे आखूड व जाड होतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तर्कुतंतू दिसू लागतात. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, हे तंतू नेमके गुणसूत्रांपाशीच कसे जमतात? गुणसूत्रे कुठे आहेत हे पेशीला कोण सांगते?” आम्ही शाळेत होतो तेव्हा या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हते. आज ते बऱ्याच अंशी सापडले आहे. गंमत म्हणजे ते मिळाले वरवर अगदी वेगळ्या वाटणाऱ्या एका विषयातून, केंद्रकाच्या आयात-निर्यातीतून.

केंद्रकात डीएनए असतो, पण प्रथिने तयार होतात बाहेर, पेशीद्रवात. म्हणून केंद्रकाला लागणारे प्रत्येक प्रथिन बाहेरून आणावे लागते आणि आत तयार झालेला आरएनए बाहेर पाठवावा लागतो. ही ये-जा केंद्रकपटलातील रंध्रांतून चालते. लहान रेणू या रंध्रांतून सहज जातात. मोठ्या प्रथिनांना मात्र हमाल लागतो. आत नेणाऱ्या हमालाचे नाव इम्पोर्टिन, बाहेर आणणाऱ्याचे एक्स्पोर्टिन. आत जायच्या प्रथिनावर अमिनो आम्लांच्या ठरावीक क्रमाची जणू पत्त्याची चिठ्ठी असते. ती ओळखून इम्पोर्टिन माल उचलतो.

येथेच खरी अडचण सुरू होते. रंध्रातून हमाल दोन्ही दिशांना जाऊ शकतो. मग आपण आत पोहोचलो, आता माल उतरवायचा, हे त्याला कसे कळते? हमालाला तर डोळे नाहीत!

हे काम रॅन नावाचे एक छोटे प्रथिन करते. यात अमिनो आम्ले असतात अवघी २१६. रॅनला एकतर जीटीपी हा रेणू चिकटलेला असतो, नाहीतर जीडीपी. जीटीपीचा एक फॉस्फेट तुटला की त्याचा जीडीपी होतो आणि रॅनचा आकार बदलतो. एकटा रॅन हा बदल फारच सावकाश करतो. त्याला दोन मदतनीस लागतात. आरसीसी-१ हा मदतनीस जुना जीडीपी सोडवतो आणि त्याच्या जागी जीटीपी बसतो. रॅनगॅप हा दुसरा मदतनीस जीटीपी तोडण्याचा वेग सुमारे लाखपटीने वाढवतो.

या दोघांच्या जागा महत्त्वाच्या आहेत. आरसीसी-१ गुणसूत्रांना धरून बसलेला असतो, तर रॅनगॅप केंद्रकाबाहेर असतो. परिणामी केंद्रकात जीटीपीवाला रॅन भरपूर आणि बाहेर जवळजवळ नाहीच. इम्पोर्टिन आत आला की जीटीपीवाला रॅन त्याला चिकटतो आणि माल सुटतो. एक्स्पोर्टिनचे उलट आहे. तो अशा रॅनला सोबत घेऊनच माल उचलतो आणि बाहेर जीटीपी तुटताच तो खाली ठेवतो. विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: रंध्र ओलांडण्यासाठी ऊर्जा खर्च होत नाही, ती खर्च होते आतला आणि बाहेरचा हा फरक टिकवण्यासाठी.

आता विभाजनाकडे वळू. १९७८ साली निशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम्स्टरच्या पेशींचा एक विकृत वाण वर्णन केला. तापमान वाढवले की या पेशींतील गुणसूत्रे वेळेआधीच आखूड होत. पुढे दोष सापडला तो आरसीसी-१ च्या जनुकात. हा रेणू रॅनवर काम करतो हे १९९१ मध्ये कळले आणि आयातीला रॅन लागतो हे १९९३ मध्ये. पण वाहतुकीचा रेणू विभाजनात काय करतो?

१९९९ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी उत्तर दिले. झेनोपस या बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात, गुणसूत्रे मुळीच नसताना, जीटीपीवाला रॅन घातला तर तर्कुतंतू ज्यांचे बनतात त्या सूक्ष्मनलिका आपोआप जमू लागल्या. त्यामागचे कारण २००१ मध्ये स्पष्ट झाले. या नलिका उभारणारी काही प्रथिने इम्पोर्टिनने धरून ठेवलेली असतात. गुणसूत्रांजवळ जीटीपीवाला रॅन भेटताच ती सुटतात आणि कामाला लागतात. म्हणजे पटल विरघळले तरी आरसीसी-१ गुणसूत्रांवरच राहतो. भिंत जाते, पण खूण राहते.

ही खूण किती मोलाची आहे ते मानवी अंडपेशीत दिसते. इतर पेशींत तर्कू उभारायला तारककेंद्रे मदत करतात, अंडपेशीत ती नसतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मानवी अंडपेशीत हे काम गुणसूत्रे आणि रॅन यांच्यावर चालते, त्याला सुमारे १६ तास लागतात आणि त्या काळात तर्कू पुष्कळदा डळमळीत असतो. गुणसूत्रांची वाटणी चुकली तर गर्भपात होऊ शकतो किंवा डाऊन सिंड्रोमसारखी स्थिती उद्भवते.

हे वर्गात दाखवता येईल. खडूने जमिनीवर मोठे वर्तुळ काढा. मध्यभागी बसलेला एक विद्यार्थी आरसीसी-१. जवळ येणाऱ्याची पांढरी चिठ्ठी घेऊन तो तांबडी देतो. वर्तुळाबाहेर उभे असलेले तीन-चार रॅनगॅप तांबडी घेऊन पांढरी देतात. बाकीचे सारे रॅन, मोकळे फिरणारे. थोड्या वेळाने वर्तुळ पुसून टाका आणि मुलांना फिरत राहू द्या. तांबड्या चिठ्ठ्या कुठे दिसतात ते पाहा. मग मधल्या विद्यार्थ्यालाही फिरायला सांगा आणि आता केंद्र कुठे आहे ते विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देतील.