निवेदक आणि शोधक

दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदक आणि शोधपत्रकार हे वस्तुतः दोन स्वतंत्र व्यवसाय होत. ‘निवेदन’ या शब्दात सोपविलेली गोष्ट नम्रपणे पुढे ठेवणे अभिप्रेत आहे. ‘शोध’ या शब्दात कोणी दडविलेली गोष्ट उघड करणे. आज हे दोन्ही पुष्कळदा एकाच चेहऱ्यात एकवटतात, आणि सयाजीगंजात आमच्याकडे ‘टीव्हीवर पत्रकार व्हायचे आहे’ असे सांगत येणाऱ्या मुलामुलींना ते एकच वाटतात. म्हणून ही फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील आरंभीच्या निवेदकांत विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील ही नावे येतात; पुढे प्रदीप भिडे यांनी सुमारे चार दशके बातम्या वाचल्या. निवेदक म्हणून ही मंडळी बातमी शोधीत नसत. वृत्तकक्षाने सिद्ध केलेला मजकूर ती वाचीत. तथापि स्पष्ट उच्चार, योग्य जागी विराम आणि स्वतःचा राग-लोभ आवाजात उतरू न देण्याचा संयम, यांतून मराठी बोलण्याचा एक सार्वजनिक नमुना त्यांनी घडविला. हे काम आम्ही लहान मानीत नाही.

शोधपत्रकाराची वाट निराळी. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी कमला नावाची एक स्त्री २,३०० रुपयांस विकत घेतली आणि स्त्रियांची खरेदी-विक्री कशी चालते ते जगापुढे मांडले. याच घटनेच्या आधारे विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ हे नाटक लिहिले. त्यातील जयसिंग जाधव वृत्तपत्रातला आहे, दूरचित्रवाणीवरचा नव्हे; पण पुढे घडणारे बरेचसे त्याच्यात आधीच दिसते. तो कमलेला पत्रकार परिषदेत उभी करतो, नाव मिळवितो आणि तिची रवानगी अनाथाश्रमात होते. अखेर मालकाची मर्जी फिरताच त्याची स्वतःची नोकरीही जाते.

दूरचित्रवाणीने या धंद्याला छुपा कॅमेरा दिला, आणि घाईही दिली. ३० ऑगस्ट २००७ रोजी एका हिंदी वाहिनीने दिल्लीतील शाळेची एक शिक्षिका विद्यार्थिनींना वाममार्गास लावते, असे दाखविले. शाळेपुढे जमाव लोटला, बाईंना मारहाण झाली, त्यांची नोकरी गेली. मागाहून पोलिसांच्या तपासात उघड झाले की, पडद्यावरची ‘विद्यार्थिनी’ त्या शाळेची नव्हतीच. सारा प्रकार बनावट होता. बातमीदारास अटक झाली आणि वाहिनी महिनाभर बंद ठेवण्याचा आदेश निघाला. शाळा चालविणाऱ्या आम्हां लोकांना ही हकीकत तटस्थपणे वाचता येत नाही. चित्रफितीतली मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, एवढे जरी कोणी शाळेच्या हजेरीपटात पाहिले असते तरी पुढचा अनर्थ टळला असता.

याच वर्षीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे महिन्यात एन. डी. टी. व्ही.ने दिल्लीच्या बी. एम. डब्ल्यू. अपघात खटल्यात साक्षीदार फोडण्याचा प्रयत्न छुप्या कॅमेऱ्याने टिपून दाखविला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रक्षेपण लोकहिताचे ठरविले. मूळ ध्वनिचित्रमुद्रण ताब्यात न घेता ते वाहिनीकडेच राहू दिले, याबद्दल उच्च न्यायालयावर मात्र टीका केली. पडद्यावर दिसते ते कापून जोडलेले असते. पुरावा असतो तो न कापलेल्या मूळ मुद्रणात. शोधपत्रकाराचे निम्मे आयुष्य असले मुद्रण, सातबाराचे उतारे, पंचनामे आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये मिळालेली कागदपत्रे पडताळण्यात जाते. ते कोणी पाहत नाही. दिव्यांच्या झोतातला अर्धा तास सगळे पाहतात, आणि त्या अर्ध्या तासाचीच हौस मुलांना लागते.

वडोदऱ्यातील मराठी घरांतल्या मुलांना येथे एक सोय आहे, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घरबसल्या मिळते, ही गोष्ट वेगळीच. पण त्यांना मामलतदार कचेरीतले गुजराती कागद दुभाष्यावाचून वाचता येतात आणि तोच मजकूर घरच्या मराठीत सांगता येतो. उधना, नवसारी, डांगपासून नंदुरबार, धुळ्यापर्यंतच्या पट्ट्यात ऊसतोड मजूर दोन राज्यांच्या कागदांत अडकलेले असतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या बातमीदाराला या दोन्ही भाषा लागतील.