तेल लावण्यापूर्वी निदान

बेंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात ३३२ एकरांवर केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने १९७८ च्या सुमारास वसवलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आज पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगावकडून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे घर झाली आहे. येथील कामाचे स्वरूप पाहिले, म्हणजे पडद्यापुढे तासन्‌तास एकाच आसनात बसणे, परदेशातील वेळेनुसार रात्रपाळी करणे, वातानुकूलित खोलीतला सततचा गारवा आणि कामाच्या घाईत चुकलेले जेवण, की चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायाची आठवण होते. वातव्याधींना वाहिलेल्या या अध्यायात वात बिघडण्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत कोरडे, थंड व अपुरे अन्न, अतिजागरण, गैरसोयीचे आसन व शय्या, मलमूत्रादी वेग अडवून धरणे, चिंता आणि उपवास यांचा समावेश आहे. ही यादी संगणक जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधीची आहे, आणि मान आखडणे (मन्यास्तंभ), खांदा धरणे (अवबाहुक) व कंबरेपासून पायापर्यंत कळ जाणे (गृध्रसी) या आजच्या कार्यालयीन तक्रारी आयुर्वेद त्याच वातव्याधींत धरतो.

वात म्हणजे पोटातला वायू नव्हे. शरीरातील प्रत्येक हालचाल ज्याच्यामुळे घडते ते तत्त्व म्हणजे वात, आणि धातूंपैकी त्याचे आश्रयस्थान अस्थिधातू, म्हणजे हाडे, असे वाग्भटाने सांगितले आहे. सांध्यांना वंगण देण्याचे काम श्लेषक कफाकडे आहे. वाढत्या वयाने, अतिश्रमाने किंवा रुक्ष आहाराने वात वाढला की हे वंगण आटते, हाडाची झीज होते आणि सांधा कुरकुरू लागतो. या अवस्थेला चरकाने संधिगत वात म्हटले असून, सुजलेला सांधा हाताला हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो आणि पसरताना व आखडताना दुखतो, असे तिचे वर्णन केले आहे. आधुनिक वैद्यक ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते, त्याच्याशी हे चित्र बरेच जुळते. येथे उपचाराची दिशा स्निग्धतेची असते: कोमट तेलाचा अभ्यंग, त्यावर शेक, कंबरेवर उडदाच्या पिठाची पाळी करून तीत कोमट तेल धरून ठेवण्याची कटिबस्ती, तशीच गुडघ्यावरची जानुबस्ती, पोटातून तूप व दूध, आणि औषधी तेलांची बस्ती, म्हणजे गुदमार्गाने दिलेले औषध.

परंतु दुखणारा प्रत्येक सांधा असा झिजलेला नसतो, आणि सर्वांत मोठी चूक नेमकी येथेच होते. सातव्या-आठव्या शतकातील माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवात हा स्वतंत्र रोग मांडला. जठराग्नी मंद झाला की अन्नरस अर्धवट पचलेला राहतो. या चिकट, जड, अपक्व रसाला आम म्हणतात, आणि वात त्याला सांध्यांपर्यंत वाहून नेतो. मग अंग जड होते, तोंडाची चव जाते, ताप येतो, हातापायांचे अनेक सांधे सुजतात आणि विंचू चावल्यासारख्या वेदना होतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या आजाराशी, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, आमवाताची तुलना केली जाते. दोन्ही संकल्पना तंतोतंत एक नाहीत, पण वैद्यांच्या व्यवहारात ती तुलना रूढ आहे. अकराव्या शतकातील चक्रदत्त या ग्रंथाने या रोगावर आधी लंघन, म्हणजे हलका आहार किंवा उपवास, मग शेक, कडू-तिखट रसाची व भूक वाढवणारी औषधे आणि त्यानंतर विरेचन, म्हणजे औषधी जुलाब, असा क्रम दिला. शेकही कोरडा, तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने करायचा. आम पचण्यापूर्वी तेल चोळले तर दुखणे वाढते, असा वैद्यपरंपरेचा अनुभव आहे. थोडक्यात, ज्या तेलाने एका रुग्णाचा गुडघा हलका होतो, तेच तेल शेजारच्या रुग्णाच्या सुजलेल्या गुडघ्यावर घातक ठरते.

तिसरा प्रकार वातरक्ताचा. चरकाने २९ वा अध्याय त्यासाठी स्वतंत्र ठेवला असून, हा रोग पायापासून किंवा हातापासून सुरू होऊन सर्वांगात पसरतो, असे म्हटले आहे. सुखवस्तू, कमी चालणाऱ्या माणसांना तो जडतो हेही नोंदवले आहे. गाउट, म्हणजे रक्तातील युरिक आम्ल वाढून अंगठा लालबुंद होणारा आजार, याच्याशी त्याचे बरेच साम्य दिसते. येथे गुळवेल प्रमुख औषध मानली जाते.

मोडलेल्या हाडांविषयी सुश्रुताने जे लिहिले, त्याचा तपशील आजही थक्क करतो. सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगून त्याने हाड ओढणे, दाबून जागेवर बसवणे, जोडणे आणि बांधणे असा क्रम दिला. पट्ट्यांसाठी वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली व बांबू वापरण्यास सांगितले. पायाचे हाड मोडल्यास रुग्णाला लाकडी फळीवर निजवून खुंट्यांनी अवयव स्थिर करण्याची योजना केली. बंधन थंडीत ७, समशीतोष्ण काळात ५ आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी बदलावे, फार सैल ठेवले तर हाड हलते आणि फार घट्ट बांधले तर सूज व पू होतो, हे त्याचे निरीक्षण कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाला पटेल. बेंगळुरूत पुत्तूर या आंध्रातील गावाच्या नावाने चालणाऱ्या हाडवैद्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. बांबूच्या पट्ट्या, पाल्याचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक ही त्यांची सामग्री. ही परंपरा सुश्रुताच्या विचाराशी नाते सांगते, मात्र क्ष-किरण चित्राशिवाय आणि रक्ताभिसरण तपासल्याशिवाय घट्ट बांधलेला हात कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून तुटलेल्या हाडासाठी प्रथम रुग्णालय गाठणेच इष्ट.

घरगुती उपायांत निरगुडीचा मान मोठा. बेंगळुरूत तिला लक्की सोप्पु म्हणतात. तिचा पाला गरम करून शेक देणे हा सुरक्षित उपाय आहे. कांडवेल, म्हणजे कन्नडमधील मंगरवळ्ळी, हिचे संस्कृत नाव अस्थिशृंखला असून मोडलेल्या हाडांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. गुग्गुळाचे कल्प, उदा. योगराज, सिंहनाद, लाक्षादी, हे या क्षेत्राचे आधारस्तंभ आहेत. परंतु गुग्गुळाचे झाड आज अतिधोक्याच्या यादीत आहे, याचा विचार औषध बनवणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही करायला हवा.

या उपचारांची आधुनिक कसोटीवर पारख करण्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे, ही मराठी वाचकासाठी अभिमानाची गोष्ट. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघरी झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंची तक्रार असल्याचे आढळले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. गुळवेल, सुंठ, आवळा व साळई यांच्या अर्कांपासून बनवलेल्या दोन आयुर्वेदीय कल्पांची ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब या औषधांशी तुलना करण्यात आली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वेदना व हालचाल यांबाबत ते तुल्यबळ ठरले. मात्र आयुर्वेदीय कल्प घेणाऱ्या ७ जणांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढलेले दिसले, त्यांना चाचणीतून वगळण्यात आले आणि औषध थांबवताच ते पूर्ववत झाले. वनस्पतिजन्य औषध म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला हे प्रामाणिक उत्तर आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबाबत कोइम्बतूरची, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी उत्साहवर्धक असली तरी ती अवघ्या ४३ रुग्णांची होती. म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी सांध्यांची नासाडी रोखणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे.

बाजाराविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, आणि लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार घडत आले आहेत. एकाच दिवसात वेदना गायब करणारी पुडी म्हणूनच संशयास्पद मानावी. तापासह लाल, गरम झालेला सांधा, पायात येणारी बधिरता किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच तेल बाजूला ठेवून त्वरित रुग्णालयात जावे.

इलेक्ट्रॉनिक सिटीतील वाचकाने मसाजाचे पॅकेज घेण्यापूर्वी वैद्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: हा झिजेचा वात आहे, आमवात आहे की वातरक्त? भूक, जीभ, शौच, झोप आणि सकाळचा ताठरपणा यांची चौकशी न करता जो तेलाची बाटली उघडतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्या वैद्याकडे जावे.